वाफा दाट झाला की रोपं खुंटतात: उपटण्याआधी ती कशासाठी भांडताहेत ते ओळखा

भात कापून झालं, शेत नांगरलं, वाफे बांधले, तांबडी भाजी (तांबडा माठ) आणि मुळा पेरला. पहिले पंधरा दिवस वाफ्याकडे बघतच राहावंसं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळं अडतं. थोडी रोपं भराभर वर जातात आणि बाकीची त्यांच्या पायाशी पिवळी पडून बसतात. नाहीतर सगळा वाफाच एकसारखा आखूड राहतो. खत घाला, बियाणं बदला, पाणी वाढवा, पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमचं थोडं शेत आहे आणि शेताच्या वरच्या अंगाला जुनं कुळागर, म्हणजे पोफळींची (सुपारीची) बाग. तिथे हे आम्ही तीन-चार हंगाम सोसलं. पहिल्या वर्षी मी युरिया दिला. रोपं आठ दिवसांत सरसर वाढली, पण देठ इतके नाजूक की झारीच्या एका पाण्याने आडवी झाली. दुसऱ्या वर्षी बियाणं निम्मं केलं. मुळा सुधारला, तांबड्या भाजीच्या जुड्या मात्र आधी निघत होत्या तेवढ्याच निघाल्या. तिसऱ्या वर्षी वाटलं, आता कळलं. हरमलला किनाऱ्याजवळ मामाची जमीन आहे, तिथे मिरचीची रोपं दाट लागली होती. मी मधली उपटून टाकली आणि उरलेल्यांना ऐसपैस जागा करून दिली. पंधरा दिवसांत त्या उरलेल्यांतलीही निम्मी वाळली. शेवटी मामीने प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला झावळीचा तुकडा रोवून आडोसा केला, तेव्हा राहिलेली वाचली.

त्या मिरचीपासून मी दाटीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. शेजारचं रोप कधी वैरी असतं, कधी आधार असतं, आणि बऱ्याचदा एकाच हंगामात आधी आधार आणि मग वैरी होतं. त्या जागी नेमकी कशाची टंचाई आहे, यावर ते ठरतं. म्हणून खुरपं हातात घेण्याआधी टंचाई ओळखायची. कशी, ते खाली लिहितो.

एक फूट जागा उपटून मांडा

वाफ्याच्या मधोमध, कडेपासून दोन हात तरी आत, एक फूट लांब-रुंद चौकोन आखा. त्यातलं एकूण एक रोप मुळासकट काढा, धुवा आणि गोणपाटावर उंचीप्रमाणे ओळीत मांडा. पाच-सहा मोठी आणि मागे बारक्यांची लांब रांग असं दिसलं, तर मारामारी उजेडाची आहे. सगळी जवळपास सारखीच आणि सारखीच खुरटी असतील, तर टंचाई जमिनीखाली आहे, पाण्याची किंवा अन्नाची.

यामागचं कारण समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. उजेड वरून येतो. जे रोप शेजाऱ्यापेक्षा बोटभर उंच, त्याला तो आधी मिळतो. खालच्याच्या वाट्याला गाळून उरलेला येतो. म्हणजे बोटभर उंचीचा फायदा बोटभर राहत नाही, रोज वाढत जातो. आज थोडा पुढे असलेला आठ दिवसांनी बराच पुढे जातो आणि मागे राहिलेला कायमचा मागे राहतो. जमिनीखाली असं होत नाही. तिथे मुळांचा जेवढा पसारा, साधारण तेवढा वाटा. मोठ्या रोपाला लहानाच्या तोंडचं पाणी सगळंच्या सगळं अडवता येत नाही. त्यामुळे टंचाई सगळ्यांवर सारखी पडते आणि सगळी सारखीच उपाशी राहतात. वनस्पतिशास्त्रात पहिल्या प्रकाराला असममित स्पर्धा म्हणतात, दुसऱ्याला सममित.

इथे दोन चुका होऊ शकतात. पेरणी एका दिवशी झाली नसेल किंवा उगवण मागेपुढे झाली असेल, तर ओळ उंच-बुटकी दिसणारच, ती मोजू नका. आणि बांधाकडची जोमदार रोपं बघून निष्कर्ष काढू नका. कडेच्या रोपाला एका बाजूने उजेडही मोकळा मिळतो आणि मातीही. ते दोन्ही कारणांनी मोठं होतं, त्यामुळे आत कशाची कमतरता आहे हे ते सांगू शकत नाही. मी दोन वर्षं कडेच्या रोपांकडेच बघत होतो.

अजून शंका असेल तर हिराची परीक्षा

मांडलेली ओळ कधी कधी दोन्हीच्या मधलीच दिसते. तेव्हा वाफ्यात एकमेकांपासून लांब अशा तीन जागा निवडा. पहिल्या जागी तीन-चार दबलेल्या रोपांच्या भोवतालची मोठी रोपं माडाच्या हिरांनी (झावळीच्या पात्यांतल्या काड्यांनी) हलकेच बाजूला वाकवून धरा, हिरांची टोकं मातीत रोवा. काहीही कापायचं नाही, उपटायचं नाही. अशाने मधल्या रोपांना उजेड मिळतो, पण शेजाऱ्यांची मुळं जागच्या जागीच राहतात. दुसऱ्या जागी वर काही हलवू नका. गाळलेलं शेणपाणी दोन दिवसांआड द्या. तिसरी जागा आहे तशी सोडा.

आठ-दहा दिवसांनी बघा. पहिल्या जागची दबलेली रोपं टवटवीत झाली तर टंचाई उजेडाची होती. दुसऱ्या जागची सुधारली तर टंचाई मातीतली होती. दोन्ही सुधारली तर दोन्ही. आणि कुठेच फरक पडला नाही, तर भांडण शेजाऱ्यांचं नव्हेच. मुळं उपटून बघा: गाठी आहेत का, बुंधा जमिनीलगत पाणचट होऊन रोप कोलमडतंय का. कोलमडणारी रोपं हा बुरशीचा रोग. दाट आणि ओल्या वाफ्यात तो झपाट्याने पसरतो, म्हणून तो दाटीचाच परिणाम वाटतो. पण तिथे विरळणीआधी पाणी आवरायचं आणि वाफा उंच करायचा.

भातानंतरच्या शेतात आणखी एक गोष्ट हमखास तपासा. चिखलणी करून करून वीतभर खाली मातीचा घट्ट थर तयार होतो. मुळा त्या थराला टेकला की वाकडा होतो किंवा त्याला फाटे फुटतात. रोपं तेवढीच असली तरी मुळांना मिळणारी माती उथळ, म्हणून वरून विरळ दिसणारा वाफासुद्धा खाली दाट असतो. आमच्या खालच्या दोन वाफ्यांची अडचण हीच निघाली. कुदळीने तो थर फोडला, तिथे शेणखत भरलं, आणि तेवढंच बियाणं नीट वाढलं.

ओळ उंच-बुटकी निघाली: उजेडाची मारामारी

यात सगळ्यात मोठी चूक उशिराची. सावली पडायला लागली की विरळणी करू, असं आपण म्हणतो. रोपाने तोवर निर्णय घेतलेला असतो. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतितांबडा प्रकाश बराचसा परतवतं. रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते या दोन प्रकाशांचं प्रमाण ओळखतं. आजूबाजूने अतितांबडा जास्त येऊ लागला की शेजारी आल्याची वर्दी रोपाला मिळते, त्याच्यावर सावली पडलेली नसली तरी. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं: शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेल्या उजेडानेच रोपांचे देठ लांबू लागतात. लांब देठासाठी लागणारं अन्न मुळांच्या आणि पानांच्या वाट्यातून जातं. मग बारीक, उंच, झारीच्या पाण्याने पडणारी रोपं उभी राहतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या वाफ्याचं वर्णन हेच.

म्हणून विरळणी पानाला पान लागण्याआधी. तांबड्या भाजीत आम्ही पहिली विरळणी रोपं दोन बोटं असताना करतो, दुसरी साधारण पंधराव्या दिवशी. दुसरीची रोपं घरात भाजीला येतात. मुळ्याला पहिल्याच खेपेला चार बोटं अंतर करून टाकतो. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात, म्हणून दाट जागी कात्रीने जमिनीलगत कापायचं. कुठली काढायची? हात आपोआप बारक्यांकडे जातो. एकदम बारकी तशीही मागे पडलेली असतात, ती फारसं काही खात नाहीत. दोन मोठ्यांच्या मध्ये अडकलेलं मधलं रोप काढलं तर खरा फरक पडतो.

आता बियाण्याचा हिशेब. बियाणं निम्मं करूनही जुड्या तेवढ्याच का निघाल्या, हे मला बराच काळ कळलं नव्हतं. उत्तर जपानमध्ये सापडलेलं आहे. ओसाकामधल्या तात्सुओ किरा यांच्या गटाने १९५० च्या दशकात वेगवेगळ्या दाटीने पिकं पेरून वजनं केली. एका मर्यादेपर्यंत रोपं वाढवली की एकूण वजन वाढतं. त्यापुढे कितीही बी टाका, तेवढ्या जागेतून निघणारं एकूण वजन जवळपास तेच राहतं. फक्त ते जास्त रोपांत वाटलं जातं आणि प्रत्येक रोप बारीक होतं. जागेला उजेड ठरलेला, पाणी ठरलेलं, तेव्हा पीकही ठरलेलं. पालेभाजीत आपण एकूण वजन विकतो, म्हणून थोडी दाटी चालते. फुकट जातं ते जास्तीचं बी. मुळा, वांगी, मिरची यांत आपण एकेका रोपाकडून गड्डा किंवा फळ मागतो. तिथे दाटी म्हणजे पानं भरपूर आणि हाती काही नाही. दाट मुळ्याखाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ निघतं ते त्यामुळे.

तांबड्या भाजीचं बी हेक्टरी दोन किलोच्या आसपास पुरतं. घरगुती हिशेबात १०० चौरस मीटरला २० ग्रॅम. हातात घेतलं तर ते इतकं थोडं वाटतं की मन मानत नाही आणि आपण आणखी एक चिमूट टाकतो. बारीक रेती किंवा चाळलेली राख मिसळून फेकलं की हात आवरतो.

आणि युरिया? १९६३ मध्ये क्योजी योदा आणि किरांच्याच गटाने आणखी एक नियम मांडला. एकाच वयाच्या, पूर्ण दाटलेल्या रोपांचा समूह वाढत गेला की त्यातली रोपं मरत जातात, आणि हे मरणं हिशेबाने होतं. सरासरी वजन संख्येच्या दीड घाताच्या उलट प्रमाणात चालतं. सोपं करून सांगायचं तर ४०० रोपांची १०० होईपर्यंत उरलेल्या एकेका रोपाचं वजन सुमारे आठपट झालेलं असतं आणि एकूण वजन दुप्पट. याला स्वविरळन म्हणतात. रान असो वा वाफा, ही वाट साधारण तीच. सुपीक जमिनीत समूह याच वाटेवरून लवकर पुढे सरकतो, म्हणजेच रोपं लवकर मरायला लागतात. उजेडासाठी भांडणाऱ्या वाफ्याला नत्र देणं म्हणजे उंच असलेल्याला आणखी उंच करणं. आधी विरळणी, मग खत. हा क्रम मी आता कधीही उलटा करत नाही.

सगळी सारखीच खुरटी निघाली: जमिनीखालची टंचाई

इथे विरळणीने थोडं बरं वाटेल, पण मूळ दुखणं जाणार नाही. पाणी कमी की अन्न कमी ते बघा. दुपारी माना टाकतात आणि सकाळी ताठ होतात, तर पाणी. खालची पानं आधी पिवळी पडतात, तर बहुधा नत्र. आमच्या जांभ्याच्या मातीतून पावसाळ्यात बरंचसं अन्न धुऊन जातं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दसऱ्यानंतर वाफे करताना माती उपाशीच असते असं धरून चाला.

बांधावरच्या झाडांकडेही बघा. एका बाजूची रोपं ओळीने लहान असतील आणि ती बाजू आंब्याची किंवा सागाची असेल, तर मुळं वाफ्यात आलेली आहेत. हातभर खोल चर खणून ती तोडा. दर वर्षी तोडावी लागतात. माड त्या मानाने सभ्य शेजारी. मोठ्या माडाची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, त्या वर्तुळाबाहेर बिनधास्त पेरावं.

इथे एक सोबत मात्र उपयोगी पडते. अळसांद्यासारखं (चवळीच्या जातीचं) द्विदल पीक हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींमधून मिळवतं, त्यामुळे शेजाऱ्याशी मातीतल्या नत्रासाठी कमी भांडतं. दोघांची भूक वेगळ्या ताटातली असेल तर एका जागेत दोघांचं भागतं. दोन ओळी भाजी, एक ओळ अळसांदे, असं आम्ही करतो. पण अळसांदे वेल टाकायला लागले की त्यांना काठीवर चढवायचं, नाहीतर नत्राचं भांडण मिटून उजेडाचं सुरू होतं.

विरळ केलं आणि आणखी बिघडलं: शेजारी आधार होता

हरमलच्या मिरचीचं हेच झालं. मला या प्रकरणाबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण विरळणीचा सल्ला सगळे देतात आणि हे कोणी सांगत नाही.

तिथली माती वाळूची. पाणी दिलं की तासाभरात खाली. दुपारनंतर समुद्राकडून वारा, वाऱ्यात खार, आणि दुपारच्या उन्हाने वाळू पायाला चटके देते. अशा जागी दाट लागलेली रोपं एकमेकांच्या बुंध्यावर सावली धरतात, माती थंड ठेवतात, वारा अडवतात. ती एकमेकांचं पाणी पितात हे खरं. पण वाचवतात त्याहून जास्त. मी मधली काढली तेव्हा भांडण संपलं आणि छप्परही गेलं.

अमेरिकेतल्या मार्क बर्टनेस आणि रेगन कॅलवे यांनी १९९४ मध्ये ही गोष्ट नेमकी मांडली: जागा जितकी खडतर, तितका शेजाऱ्याचा उपयोग जास्त आणि जागा जितकी सुखाची, तितकं भांडण जास्त. पुढे २००२ मध्ये कॅलवे आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी जगभरच्या पर्वतांवर जाऊन प्रयोग केला. ठरावीक झाडांच्या भोवतालचे शेजारी काढून टाकले. खालच्या उबदार उतारांवर उरलेली झाडं जोमाने वाढली. वरच्या, थंडी-वाऱ्याच्या उंचीवर शेजारी काढताच उरलेल्यांची वाढ घटली. दोन्ही ठिकाणी केलं तेच होतं.

हे बघायला पर्वतावर जायला नको. पावसाळ्यानंतर कुठल्याही सड्यावर जा. जांभ्याच्या उघड्या कातळावर गवत आणि फुलझाडं एकेकटी क्वचित दिसतात. बोटभर माती साचलेल्या खळग्यात पुंजक्याने असतात. पुंजका माती धरून ठेवतो, माती ओल धरते, ओलीत पुढचं बी रुजतं. कातळाला एकटं झाड परवडत नाही.

आमच्या वाडवडिलांनी कुळागरात हेच केलं. पोफळीचं कोवळं रोप कडक उन्हात करपतं, म्हणून आधी केळ लावायची आणि तिच्या सावलीत पोफळ. केळ पोफळीचं पाणी पिते हे सगळ्यांना दिसतं, तरी ती ठेवतात. जायफळाच्या रोपालाही लहानपणी सावली लागते. पण पोफळ डोक्यावर गेली की तीच केळ तिच्या वाट्याचं खाऊ लागते; मग गड्डे कमी करत न्यायचे. कोणी किती वर्षांनी हलायचं, हे कुळागर सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. वरची ओळ पोफळींची, मध्ये जायफळ, बुंध्यावर मिरवेल, खाली अननस, आणि पाटाचं पाणी सगळ्यांना. बाहेरून ती दाटी वाटते. आत गेलं की कळतं, प्रत्येकाच्या उजेडाची पायरी वेगळी आहे. पोफळ-पोफळीत मात्र नऊ फुटांचं अंतर लागतंच, कारण त्या दोघींची पायरी एकच.

खडतर जागी काय करायचं? हरमलला आम्ही आता मिरची एकेकटी लावत नाही. दोन-तीन रोपांचा पुंजका, पुंजक्या-पुंजक्यात दोन फूट मोकळं. पश्चिमेला आधीच पेरलेली मक्याची किंवा चवळीची ओळ. जमिनीवर गवताचं जाड आच्छादन. रोपं गुडघ्याएवढी झाली आणि बुंध्याजवळची माती स्वतःच्या पानांनी झाकली जाऊ लागली, की पुंजक्यातलं एक ठेवून बाकीची कापायची. आधी आडोसा, मग विरळणी. मामी म्हणाली, "बाबा, झावळ्या रोवायचं काम वाचलं बघ माझं."

खाजन शेतांच्या (खाडीकाठच्या, बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतांच्या) बांधाबाहेर खारफुटी लावणाऱ्यांनाही हे लागू पडतं. झाडात झाड नको म्हणून रोपं लांब लांब लावली की लाटा एकेक करून उपटून नेतात. श्रीलंकेत पुत्तलमच्या खाडीत कांदळाची रोपं वेगवेगळ्या दाटीने लावून अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. दाट लावलेल्या जागी गाळ जास्त साचला, जमीन वर आली, आणि रोपं जगण्याचं प्रमाणही वाढलं. बांध राखायचा असेल तर तिवर आणि कांदळ सुरुवातीला जवळ जवळच लावावीत असं माझं ठाम मत आहे.

भातात: पडणारं भात आणि बियाण्याची निवड

लावणीच्या दिवशी पाऊस असतो, माणसं कमी असतात, आणि घाईत एका चुडात सात-आठ काड्या जातात. माझी आत्या दोन किंवा तीनच लावते. फुटवे फुटायला जागा मिळाली की तीन काड्यांचा चूड सात-आठ काड्यांच्या चुडाला गाठतो, आणि काडी जाड राहते. दाट चुडातल्या काड्या उजेडासाठी लांबतात आणि लोंबी भरल्यावर सप्टेंबरच्या पावसात लोळतात. भात दर वर्षी पडत असेल तर वाणाला दोष देण्याआधी चुडातल्या काड्या मोजा.

दुसरं दुखणं हळूहळू वाढतं. घरचं बी वर्षानुवर्षं राखलं की ज्योती किंवा जया या बुटक्या वाणांच्या शेतात उंच, पसरट रोपं दिसायला लागतात, आणि दर वर्षी थोडी जास्त. ती जोमदार दिसतात म्हणून कोणी काढत नाही. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवावा. त्यांनी उंच आणि बुटके वाण मिसळून पेरले आणि निघालेलं बी पुन्हा पुन्हा पेरलं. एकटं पेरल्यावर भरघोस पिकणारं बुटकं भात मिश्रणातून थोड्याच हंगामांत जवळजवळ नाहीसं झालं. भांडणात जिंकणारं आणि पिकात जिंकणारं, ही दोन वेगळी रोपं होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन डोनल्ड यांनी लिहिलं की चांगलं पीकरोप हे शेजाऱ्याशी कमी भांडणारं असायला हवं, म्हणजे सगळं शेत मिळून जास्त पिकतं. बुटक्या भातांचं यश बरंचसं इथूनच आलं. ती एकमेकांवर उजेड अडवण्यासाठी उंची वाढवत बसत नाहीत. ते अन्न दाण्यात जातं.

म्हणून बियाण्यासाठी शेतातलं सगळ्यात उंच, सगळ्यात दांडगं रोप निवडू नका. दाटीत ते दांडगं झालं ते शेजाऱ्यांना दाबून. त्याचं बी पेरलं तर सगळं शेत तशाच भांडखोरांचं होईल. लोंब्या बाहेर पडतात तेव्हा शेतातून एक फेरी मारून वेगळी दिसणारी उंच रोपं काढून टाका, आणि बी शेताच्या मधल्या, एकसारख्या पट्ट्यातून घ्या. मिरचीचं आणि वांग्याचं बी राखतानाही झाडांमध्ये सारखं अंतर असलेल्या ओळीतूनच. कडेचं झाड मोठं असतं ते कडेला असल्यामुळे.

झाडं आपल्या भावंडांना ओळखतात का

हा प्रश्न हल्ली खूप विचारला जातो. कॅनडातल्या सुझन डडली यांनी २००७ मध्ये किनाऱ्यावरच्या एका रोपाबद्दल असं दाखवलं की एका कुंडीत परकी रोपं असली तर ते मुळं जास्त वाढवतं, सख्खी भावंडं असली तर कमी. नंतरच्या प्रयोगांत काही झाडांमध्ये तसं दिसलं, काहींमध्ये नाही. बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांना अन्न पाठवतात, या गोष्टीबद्दलही २०२३ मध्ये काही संशोधकांनीच सांगितलं की पुराव्यापेक्षा बोलणं पुढे गेलेलं आहे. मला हे विषय आवडतात, पण त्यांच्यावर मी एकही वाफा आखलेला नाही. सावली, वारा, ओल, नत्र ही चार मोजता येतात, हिराने आणि गोणपाटाने. मी तिथेच थांबतो.

या हंगामात विरळणी करणार असाल तर प्रत्येक वाफ्यात एक फूट जागा मुद्दाम न विरळता सोडा आणि तिथे काठी रोवून ठेवा. कापणीच्या दिवशी तिथली रोपं आणि शेजारच्या फूटभर जागेतली रोपं वेगवेगळी तोला. एकूण वजन किती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं रोप केवढं, हे दोन आकडे वहीत लिहा. आमच्या वहीत तांबड्या भाजीच्या वाफ्यांचं एकूण वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच येतं, मुळ्याचं कधीच येत नाही. हरमलच्या पानावर न विरळलेला कोपरा अजूनही पुढे आहे.